छताचा पंखा

"विहीणबाई, तुमच्या घरात पंखा हाय का?"

माझ्या सासूनं हे विचारलं तेव्हा माझी आई तिच्यासमोर ताटावर बसली होती. हातातला भाकरीचा तुकडा आमटीत बुडायचा तो वरच थांबला. आईनं तो ताटात ठेवला, डाव्या हातानं खांद्यावरचा पदर सारखा केला आणि बेधडक सांगितलं,

"हाय की."

"हाय?"

"हाय म्हंजे! छताचा हाय. तीन पात्याचा. फुल्ल सोडला तर ताटल्या उडत्यात."

मला असा ठसका लागला की पाण्याचा तांब्या शोधायची पाळी आली. कारण दिवाळीला मी माहेरी जाऊन आले होते, आणि त्या घरात वारा घालायला चपलांच्या खोक्याचा एक पुठ्ठा होता, बास. पंखा राहू द्या, आमच्या खाणवस्तीत वीजच नव्हती. खाणीची जागा कुणाची यावरून सरकारी भांडण चालू होतं, त्यामुळं मीटर मिळत नव्हता. खांबावर आकडा टाकून घेतलेली वायर तर वीजवाले दर महिन्याला येऊन गुंडाळून घेऊन जायचे.

मला तेव्हा सहावा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे आमच्याकडं कुणी कुणाला सांगावं लागत नाही. आई हिरवी चोळी न् खोबऱ्याच्या वाट्या घेऊन आली होती. शिमग्याला म्हणून न्यायचं, आणि पोर कडेवर घेऊनच परत पाठवायचं असा तिचा बेत. आत्याबाई, म्हणजे माझी सासू, त्याच्या आड उभी होती.

"बघा, मी सरळ बोलणारी बाई," आत्याबाई म्हणाल्या. "आमचं हे माळवदाचं घर. भर वैशाखात आत माठागत गार. आन् तुमचं पत्र्याचं. सोलापूरचं ऊन, वर पत्रा, माझं नातवंड काय पापड हाय भाजायला?"

"पंखा हाय म्हणलं की."

"मग येऊन बघते. शिमग्याला न्या वैजूला, चैत्रात डोहाळजेवण तिथंच करा. मी जीप घिऊन येईन. पंखा फिरत असला तर ऱ्हाऊ दे तिला. नसला, तर त्याच जीपमधनं माघारी."

आत्याबाईंना स्वतःला माहेर असं नव्हतंच. आई लहानपणी गेली, मामानं वाढवलं आणि एकदाचं लग्न लावून हात झटकले. माझ्या नवऱ्याच्या वेळी, दिगंबरच्या वेळी, त्या कडब्याच्या पेंढ्या बांधत होत्या आणि तिथूनच उठून बाजेवर आल्या, असं शेजारच्या बायका सांगायच्या. मला हे ठाऊक होतं. पण माझं त्या वेळचं डोकं म्हणजे नुसतं आई, आई आणि आई. आईच्या हातचं खायचं, आईच्या अंगाला अंग लावून झोपायचं, आणि पोटात काही हललं की "आई गं, बघ की" म्हणून तिचा हात ओढून घ्यायचा. ही बाई मध्ये का तडमडते, एवढंच मला वाटायचं, आणि खरं सांगते, मला तिचा राग यायचा.

एसटीत बसल्यावर मी आईला धरलं.

"पंखा कधी घेतलास गं?"

"घ्यायचाय."

"आन् वीज?"

"यायचीय."

"कुठनं?"

आईनं खिडकीबाहेर बघितलं. मोहोळ मागं पडलं होतं, उन्हानं नुसतं लखलखत होतं सगळं. तिनं वर बोट दाखवलं.

"ती सोलरवाली पोरगी आली नव्हती का? तिला बोलवायचं."

मी कपाळावर हात मारला. त्या सोलरवाल्या पोरीला संक्रांतीनंतर वस्तीतनं कुणी हाकलून लावलं होतं? माझ्याच आईनं.

त्याचं असं झालं होतं. एका संस्थेची माणसं आली होती, मीटर नसलेल्या वस्त्यांना उन्हावरची वीज द्यायला. घरटी एक लहान पंखा, दोन दिवे. पण प्लेटा बसवायला पक्कं छत हवं. आमच्या वस्तीत सगळे पत्रे, त्यातले निम्मे दगड ठेवून दाबलेले. सिमेंटचा स्लॅब एकाच ठिकाणी होता, समाजमंदिरावर. आणि त्या स्लॅबवर चैत्र-वैशाखात आख्ख्या वस्तीचं वाळवण पडायचं. कुरडया, पापड, सांडगे, शेवया. कुणाची चटई कुठं पडायची हे ठरलेलं होतं. ज्या बाईला घराची भिंत सरळ मिळालेली नाही तिलासुद्धा स्लॅबवर स्वतःचा कोपरा होता. त्यावर प्लेटा? आईनं त्या पोरीला जिन्यावरनंच परत पाठवलं होतं. "वीज न्हवती तवाबी आम्ही जेवत हुतो, पापड न्हवते तवा मात्र जेवण गोड लागलं न्हाई," असं काहीतरी ती म्हणाल्याचं वस्तीत अजून सांगतात.

तर आता तीच आई दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन संस्थेच्या ऑफिसात. हातात नाचणीच्या पापडांची पुडी.

ऋजुता मॅडम माझ्यापेक्षा थोडी मोठी असेल. चष्मा, कुरता, आणि उन्हात फिरून फिरून रापलेला चेहरा. आईला बघून ती खुर्चीतनं जरा मागंच सरकली.

"मावशी, मागच्या वेळी तुम्ही मला लाटणं दाखवलं होतं."

"दावलं न्हवतं बाई. हातातच हुतं."

"आणि आता?"

"आता पापड आणल्यात. नाचणीचं हायती. तळून खावा, भाजून खाल्लं तरी चालतंय." आईनं पुडी टेबलावर ठेवली. "ते सोलर ठेवलंय का दिलं कुणाला?"

"गोडाऊनमध्ये पडलंय. पण तुम्ही एकट्यानं हो म्हणून भागणार नाही. वस्तीतल्या सगळ्या बायका हो म्हणायला हव्यात. उद्या एखादी लाटणं घेऊन वर आली तर?"

"लाटणं घिऊन मीच येती, दुसरी कोण येणार? मी न्हाई आले म्हंजे झालं."

पण झालं नाही. कारण आईनं स्वतःच सगळ्या बायकांना असं काही पेटवून ठेवलं होतं की आता विझवता विझेनात. स्लॅबवर बैठक बसली. सगळ्यात पुढं इठाबाई. इठाबाई आमची भिंतीला भिंत लागून शेजारीण. आई आणि ती, दोघी सकाळी एकत्र विड्या वळायच्या, दुपारी भांडायच्या आणि संध्याकाळी एकाच तव्यावर भाकरी टाकायच्या.

"गेल्या महिन्यात तू काय म्हणलीस?" इठाबाईनं विचारलं. "ऊन आपलं हाय, ते प्लेटांना द्यायचं न्हाई. म्हणलीस का न्हाई?"

"म्हणले हुते."

"मग आता उनाला काय नवं पाय फुटलं?"

ऋजुता मॅडमनं समजावलं. प्लेटा उंच घोड्यावर बसतील, खाली चालता येईल. लगेच एकजण म्हणाली, खाली सावली पडणार, सावलीत काय डोंबल वाळणार? मॅडम म्हणाली, कडेनं थोडी जागा उरेल. त्यावर तिघी एकदम बोलल्या, त्या थोड्या जागेत कुणाचं? मॅडमनं चष्मा काढून पुसला. ती बिचारी आकडेवारी घेऊन आली होती, आणि इथं प्रश्न कुरडयांचा होता.

शेवटी इठाबाई उठली. "सरळ सांग की चंपा. लेकीच्या पंख्यासाठी आमचं वाळवण गेलं म्हणून."

आईचं नाव चंपाबाई. आई पण उठली. मला वाटलं आता जुंपणार. पण आई एकदम मऊ आवाजात बोलली.

"व्हय. तसंच हाय. तिच्या सासूला म्या पंखा हाय म्हणून सांगितलंय. न्हाई फिरला तर ती पोरीला घिऊन जाणार. मला एकच लेक हाय, इठे. तिचं पहिलं बाळंतपण माझ्या दारात व्हावं असं वाटतंय. त्याच्याम्होरं मला यंदा पापड नकोत, कुरडई नको."

मी खाली मान घालून नखं कुरतडत बसले, कारण डोळे भरले होते आणि एवढ्या बायकांसमोर रडायची लाज वाटत होती. इठाबाईनं पदर खोचला.

"लाव बाई काय लावायचं ते. पर माझ्याशी बोलू नगंस."

आणि ती खरंच बोलायची बंद झाली. विड्या वळायला दुसऱ्या ओट्यावर जाऊन बसायला लागली. आईनं सवयीनं एकदा तिच्या वाटणीची भाकरीही तव्यावर टाकली, आणि मग ती मीच खाल्ली.

शिमग्याची राख निवते न निवते तोच प्लेटा आल्या. निळ्याशार, काचेच्या, स्लॅब भरून. खाली समाजमंदिराच्या खोलीत बॅटऱ्या बसल्या आणि तिथून घराघरांत वायर गेली. ऋजुता मॅडमनं सगळ्यांना उभं करून शिकवलं. रात्री जेवढी वीज वापराल तेवढी दुसऱ्या दिवशीच्या उन्हानं भरून निघते. आणि महत्त्वाचं, काच स्वच्छ ठेवा. धूळ बसली की वीज कमी. रोज पुसा, धूळ बसू देऊ नका.

पहिल्या रात्री दिवे लागले तेव्हा वस्तीतली माणसं एकमेकांच्या घरात उगीचच जाऊन बसली. आमच्या घरात भिंतीला एवढी कोळिष्टकं होती हे आईला पहिल्यांदाच दिसलं, आणि ती त्याच पायी केरसुणी घेऊन लागली.

पंखा आला तो मात्र बघून आई मटकन खाली बसली. टेबलावर ठेवायचा, जाळीतला, एवढासा.

"ह्यो? मी छताचा सांगितलाय तिला!"

"छताचे मोठे असतात मावशी, जास्त वीज खातात. सगळ्यांना सारखाच, हाच," मॅडम म्हणाली.

"पाती किती हायती?"

"तीन."

"तेवढं तरी बरोबर आलं," आई म्हणाली. मग तिनं सुंभ आणला, स्टुलावर चढली आणि तो पंखा पत्र्याखालच्या पाइपाला उलटा बांधून टाकला, तोंड खाली करून. वटवाघळासारखा लोंबायला लागला. मी खाली बाजेवर पडले आणि बटण दाबलं. पंखा घरघरला, जरासा डुलला, आणि माझ्या तोंडावर वारा आला. खरं सांगू का, आजपर्यंत एसीत बसले, थंड हवेच्या ठिकाणी जाऊन आले, पण तसा वारा काही परत लागला नाही. पोटातलं पोर पण गप झालं.

सातवा लागला तसे माझे डोहाळे उतू जायला लागले. आणि मला हवं काय, तर कुरडई. तळलेली नव्हे. गव्हाचा चीक शिजवून, साच्यातनं पाडून, उन्हात अर्धवट वाळलेली, मधे ओली आणि कडेनं कडक, तशी. लहानपणी आम्ही स्लॅबवर राखण करायला बसायचो आणि कावळ्यांच्या नावावर तीच खायचो.

"आई, एक तरी पाड की गं."

"कुठं पाडू? तोंडानं सांगितलंय, यंदा वाळवण नको म्हणून. आता मीच घातलं तर इठी माझं नाक कापंल."

"मला खूप खावंसं वाटतंय गं. पोराचे कान गळतील म्हणतात, डोहाळे न पुरवल्यावर."

"गळू देत. पंखा बघ न् गप पड."

मी रडले पण थोडी. आमच्या आणि इठाबाईच्या मध्ये भिंत म्हणजे एक पत्रा. इकडं सुस्कारा टाकला तर तिकडं ऐकू जायचा.

डोहाळजेवणाचा दिवस उजाडला. आईनं मला हिरवी साडी नेसवली, फुलांचे दागिने घातले. वस्तीतल्या बायका नटून येतील असं वाटलं होतं, पण एकीचाही पत्ता नव्हता. इठाबाईच्या दाराला कडी. दुसरीच्या दाराला कडी. पुरण वाटताना आईचे ओठ घट्ट मिटलेले होते. वस्तीनं आपल्याला वाळीत टाकलंय असंच आम्हाला दोघींना वाटलं.

जीप आली. दिगंबरनं बोळाच्या तोंडाशी लावली. आत्याबाई उतरल्या, चार भांडी न् लुगड्याचं गाठोडं दिगंबरच्या डोक्यावर देऊन थेट आत आल्या. ऋजुता मॅडमलाही आईनं जेवायला बोलावलं होतं, ती कोपऱ्यात बसली होती. आत्याबाईंनी कुणाकडं बघितलं नाही. त्यांनी वर बघितलं.

"ह्यो छताचा?"

"छताला बांधलाय म्हंजे छताचाच," आई म्हणाली.

"उलटा हाय का?"

"वारा खालीच लागतोय न्हवं? वर काय वटवाघळं हायती व्हय वारा घ्यायला?"

मॅडमला हसू आलं, तिनं पदर नसल्यामुळं ओढणी तोंडाला लावली. आत्याबाई पंख्याखाली जाऊन उभ्या राहिल्या, तोंड वर करून. पंखा फिरत होता. त्यांच्या कपाळावरचे पांढरे केस हलत होते. "हं," एवढंच म्हणाल्या आणि बाजेवर बसल्या. माझ्या जिवात जीव आला.

ओटी भरायला आईनं नारळ उचलला, आणि पंखा अडखळला.

आधी घरघर बदलली. मग पाती दिसायला लागली, एक, दोन, तीन, वेगवेगळी. मग तो नुसता डुलत राहिला. पत्र्याखालचं ऊन एकदम अंगावर बसलं. आईच्या हातात नारळ तसाच.

"सुंभ ढिला झाला असंल," आई म्हणाली आणि स्टूल ओढायला लागली.

"दिगंबर," आत्याबाईंनी हाक मारली, "जीप वळवून ठेव."

मी पुढं झाले. "आत्याबाई, आत्ताच तर फिरत होता! तुम्ही बघितला की!"

"मीबी तेच म्हणती. आता न्हाई फिरत."

ऋजुता मॅडम ताडकन उठली. "असं होणारच नाही. बाहेर एवढं ऊन आहे!" ती समाजमंदिराकडं पळाली. तिच्यामागं आई, हातात नारळ. आईच्या मागं मी, हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत, पोट धरून. आणि माझ्यामागं आत्याबाई, "अगं ए, पळू नगंस, पळू नगंस," असं ओरडत. सारा बोळ आमची वरात बघत होता. माझ्या डोक्यात एकच नाव होतं, इठाबाई. तिनंच वायर ओढली असणार. बोलत नव्हती, दार लावून बसली होती, आणि बरोबर आज. मी जिना चढताना तिला काय काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं.

वर पोचलो.

वस्तीतल्या सगळ्या बायका तिथं होत्या. काहीजणी डोक्यावर पदर घेऊन काठ्यांनी कावळे हाकत होत्या. एका कडेला चूल पेटवून चीक शिजवला होता, पातेलं अजून वाफाळत होतं. आणि प्लेटा? प्लेटा दिसतच नव्हत्या. प्रत्येक प्लेटीवर जुनं धुवट लुगडं अंथरलं होतं, चारी कोपरे सुतळीनं बांधले होते, आणि त्या लुगड्यांवर ओळीनं कुरडया. पांढऱ्या, गोल, ओल्या. एका प्लेटीवर सांडगे, एकीवर शेवया, शेवटच्या दोन्हींवर उडदाचे पापड. मधोमध साचा घेऊन इठाबाई घामानं न्हालेली.

"आलीस का गं?" ती मला म्हणाली. "थांब जरा, खालची बाजू अजून ओली हाय. वाळलेली घिऊन तुझ्या ताटात वाढायला आम्हीच खाली येणार हुतो. कशाला आलीस चढून एवढ्या पायऱ्या?"

जुळवून ठेवलेलं सगळं मी विसरले.

"इठाबाई, हे... हे सगळं?"

"पत्र्यातनं ऐकू येतंय की. रडत हुतीस न्हवं कुरडईसाठी? तुझ्या आईनं वाळवण नको म्हणलं ते तिच्यापुरतं. आम्ही कुठं म्हणलं? बाळंतिणीला वर्षाचं वाळवण नको का न्यायला?"

ऋजुता मॅडमच्या तोंडातनं कशीबशी हाक निघाली. "मावशी, अहो, प्लेटांवर? प्लेटा झाकल्यात तुम्ही!"

"झाकल्यात म्हंजे? तुम्हीच सांगितलंत, धूळ बसू दिऊ नका. आधी स्वच्छ पुसल्या, मग धुतलेलं लुगडं घातलं. धुळीचा कण जायचा न्हाई आत."

"पण त्यांना ऊन लागायला हवं ना!"

"लागतंय की! हात लावून बघा, लुगड्याखालीबी चटका बसतोय."

"ताप नको हो, उजेड हवा! प्लेटेला दिसायला हवं ऊन!"

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. रात्री सगळ्यांनी पंखे लावून गाढ झोपा काढल्या होत्या, बॅटऱ्यांत पहाटे थोडीशीच वीज उरलेली. सकाळपासून प्लेटांनी लुगडी पांघरलेली. पुढं काय झालं ते सगळ्यांना एकदम कळलं, आणि इठाबाईच्या हातातला साचा खाली पडला.

"पंखा थांबला?" तिनं आईला विचारलं. शिमग्यापासून पहिल्यांदा ती आईशी बोलली. आईनं मान हलवली. इठाबाईनं आत्याबाईंकडं बघितलं आणि तिथंच स्लॅबवर बसकण मारली. "चंपे, म्या तुझं वाटोळं केलं गं."

"गप," आई म्हणाली. "कुरडया छान पडल्यात." आणि तिचा आवाज फुटला.

आत्याबाई सरळ पहिल्या प्लेटीपाशी गेल्या. एक कुरडई उचलली, उन्हाकडं धरून बघितली.

"चीक जरा कमी शिजवलाय," त्या म्हणाल्या. "आन् उतरतं लुगडं हाय, खालच्या कुरडया घसरून एकात एक गेल्यात. काठाला चिमटे लावायचे." मग त्या त्याच हातानं ती कुरडई घेऊन माझ्याकडं आल्या. "आ कर."

मी तोंड उघडलं. मधे ओली, कडेनं कडक. अगदी तश्शीच. मला इतकं रडू आलं की घास गिळता येईना.

"विहीणबाई," त्या आईकडं वळल्या. "माझ्या घरात ताटावर बसून पंखा हाय म्हणलात तवा तुम्ही पदर सारखा केला. पदर काय ढळलेला न्हवता. मला तिथंच कळलं, पंखाबिंखा काय न्हाई."

आई जागच्या जागी खिळली. "मग येऊन बघते कशाला म्हणलात?"

"बघायचं हुतं. लेक माहेरी यावी म्हणून आई काय काय करती, ते कधी बघितलं न्हवतं." त्यांनी रांगेनं पसरलेल्या त्या कुरडयांवरनं नजर फिरवली. "माझ्यासाठी कुणी दारात रांगोळी काढली न्हवती बाई. हितं तर निम्मं सोलापूर गच्चीवर चढलंय."

ऋजुता मॅडमनं डोळे पुसले आणि आपलं काम धरलं. "मावशी, लुगडी उचला आधी. चौघी चौघी धरा."

चार टोकं चौघींनी धरून, कुरडया न सांडता, एकेक लुगडं उचलून कडेच्या मोकळ्या जागेत नेलं. आत्याबाईंनी पण एक टोक धरलं होतं, आणि "वर उचल, वर, माझ्या बाजूला कलंडतंय" म्हणून इठाबाईला दम देत होत्या. इठाबाई पण काय कमी? "तुम्हीच खाली धरलंय," ती म्हणाली. प्लेटा एकेक करून उघड्या पडल्या, निळ्या चमकायला लागल्या. जरा वेळानं खालनं, बोळातनं, दिगंबरचा आवाज आला. घरात तो एकटाच उरला होता.

"फिरला! ए आई, फिरला गं!"

वर स्लॅबवर असा दंगा झाला की कावळे उडून गेले.

डोहाळजेवण मग तिथंच, जिन्याच्या सावलीत झालं. पुरणपोळी खात खात इठाबाईनं ऋजुता मॅडमशी सौदा केला. वर्षातनं थोडे दिवस, चैत्रात, प्लेटांवर वाळवण पडणार. त्या दिवसांत पंखे बंद, कुणी तक्रार करायची नाही. आता वस्तीत मीटर आलेत, प्लेटांची दुसरी जोडी बसली आहे, पण पंखे सोलरवरच आहेत आणि हा सौदा अजून चालू आहे. चैत्रात माहेरी फोन केला आणि मागनं नुसता पुठ्ठ्याचा फटफट आवाज आला, तर मी विचारायचं आणि आईनं सांगायचं, "आज सोलरला उपास हाय."

ऊन कलल्यावर आत्याबाई निघाल्या. जीप वळवून ठेवलेलीच होती. दिगंबर स्टिअरिंगवर बसला. मी आईच्या कमरेला हात घालून उभी होते, कुणी ओढून नेईल अशी अजून भीती होती बहुतेक. आत्याबाईंनी एक पाय जीपमध्ये ठेवला आणि थांबल्या. गाठोडं त्यांनी परत घेतलं नव्हतं. ते आमच्या बाजेखालीच होतं.

"विहीणबाई."

"काय?"

आत्याबाई इकडं तिकडं बघायला लागल्या. एवढी सरळ बोलणारी बाई, पण शब्द काही येईनात. "बाळंतपणाला... म्हणलं, मीबी यावं. चार दिवस. ऱ्हायाला. तुमच्यात जागा हाय का?"

आमची खोली एकच. एक बाज टाकली की चूल पेटवायला वाकून जावं लागायचं. बाजेवर मी आणि पोर झोपणार, खाली आई, आणि आईचे पाय आत्ताच उंबऱ्याला लागत होते.

आईनं डाव्या हातानं खांद्यावरचा पदर सारखा केला.

"हाय की," ती म्हणाली.